भूगर्भातील तैल-शेलाचे तापन : मापन व नियंत्रण यांचे काही प्रश्न

'तैल-शेल' हे नाव दोन्ही अंगांनी फसवे आहे. या खडकात तेल नसते, आणि पुष्कळदा तो काटेकोर अर्थाने शेलही नसतो. अमेरिकेतील कोलोरॅडो, युटा व वायोमिंग या राज्यांत पसरलेल्या ग्रीन रिव्हर शैलसमूहातील ज्या थरांना हे नाव सर्रास दिले जाते, ते बव्हंशी कार्बोनेटयुक्त चिकणखडकाचे आहेत. त्यांत असते ते केरोजेन. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीच्या सरोवरांच्या तळाशी साचलेल्या शैवलादी जैव द्रव्यापासून बनलेला आणि सामान्य विद्रावकांत न विरघळणारा असा हा घन पदार्थ होय. हे थर आणखी खोल पुरले गेले असते, तर पृथ्वीच्या अंतर्गत उष्णतेने लक्षावधी वर्षांच्या अवधीत त्याचे तेल झाले असते. तसे घडले नाही. निसर्गाने अर्धवट सोडलेले ते काम पुरे करावयाचे, तर खडकाला बाहेरून उष्णता देण्यावाचून गत्यंतर नाही.

ही उष्णता दोन प्रकारे देता येते. खडक खणून वर आणावा व भट्टीत तापवावा, हा जुना मार्ग. खडक जागच्या जागीच तापवून केवळ तेलाची वाफ वर आणावी, हा दुसरा. दुसऱ्या मार्गाने खाणकाम वाचते व राखेचे डोंगर टळतात, हे त्याचे आकर्षण आहे. परंतु भट्टीवर देखरेख करणाऱ्यास आच वाढविता येते, कमी करता येते, आणि बिघडलेला घाणा बाहेर काढून टाकताही येतो. जमिनीखाली यांपैकी काहीच साधत नाही. खडकात एकदा शिरलेली उष्णता परत बोलाविता येत नाही. आणि तिचा परिणाम मापकावर दिसू लागतो, तो ती दिल्यानंतर कित्येक आठवड्यांनी, क्वचित वर्षांनी. भूगर्भतापनाच्या मापनाचे व नियंत्रणाचे जवळजवळ सर्व प्रश्न या विलंबातून उद्भवतात.

या पद्धतीचा औद्योगिक प्रमाणावरील पहिला महत्त्वाचा प्रयोग स्वीडनमध्ये झाला. दुसऱ्या महायुद्धात बाहेरून येणारे तेल तुटल्यामुळे त्या देशाने नेर्के प्रांतातील क्वार्नटॉर्प येथे तुरटी-शेलापासून तेल काढण्याचा कारखाना उभारला. तो १९४२ ते १९६६ या काळात चालला. कारखान्यात भट्ट्याही होत्या, परंतु त्यांच्याबरोबरच फ्रेडरिक ल्युंगस्ट्रॉम (१८७५-१९६४) या अभियंत्याची जागीच तापविण्याची पद्धतीही वापरण्यात आली. बाष्प-टरबाइन व बाष्पित्रासाठी लागणारा हवा-तापक यांमुळे ल्युंगस्ट्रॉमचे नाव अभियांत्रिकीत आधीच प्रसिद्ध झालेले होते. त्याच्या योजनेत चुनखडकाच्या आवरणातून शेलापर्यंत छिद्रे पाडून त्यांत विजेचे तापक बसवीत. ही छिद्रे षट्कोनी मांडणीत एकमेकांपासून सुमारे २.२ मीटर अंतरावर असत आणि तेलाची वाफ व वायू बाहेर येण्यासाठी षट्कोनाच्या मध्यभागी वेगळे छिद्र ठेवलेले असे. सुमारे पाच महिने तापविल्यावर शेलाचे तापमान ४००° से.च्या आसपास पोहोचे.

२.२ मीटर आणि पाच महिने या दोन आकड्यांमध्ये आकस्मिक असे काही नाही. घट्ट खडकात उष्णता मुख्यतः संवहनाने नव्हे, तर वहनाने पसरते. वहनाचा नियम असा की, एखाद्या अंतरापर्यंत उष्णतेचा प्रभाव पोहोचण्यास लागणारा काळ त्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो व खडकाच्या औष्णिक विसरणशीलतेच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. शेलाची विसरणशीलता दर सेकंदास सुमारे पाऊण चौरस मिलिमीटर धरली, तर १ मीटर अंतरासाठी सुमारे १५ दिवस, २ मीटरसाठी सुमारे दोन महिने, ५ मीटरसाठी वर्षाहून थोडा अधिक आणि १० मीटरसाठी चार वर्षांहून अधिक काळ येतो. छिद्रे दूर दूर घेतल्यास विंधनाचा खर्च वाचतो हे खरे. परंतु अंतर दुप्पट केले की प्रतीक्षा चौपट होते, आणि त्या वाढलेल्या काळात आवरणाकडे व बाजूंकडे निसटणारी उष्णताही वाढते. छिद्रांमधील अंतर ठरविणे हाच या पद्धतीतील नियंत्रणाचा पहिला व सर्वांत निर्णायक निर्णय होय, आणि तो पहिला तापक सुरू होण्यापूर्वीच घेऊन टाकावा लागतो. नंतर तो बदलता येत नाही.

दुसरा प्रश्न तापमान किती असावे हा. केरोजेनाच्या विघटनाचा वेग तापमानानुसार घातांकी पद्धतीने वाढतो. ग्रीन रिव्हर शेलासाठी सक्रियण ऊर्जा दर मोलास सुमारे २२० किलोज्यूल धरून गणित केल्यास, केरोजेनाचा सुमारे ६३ टक्के भाग विघटित होण्यास ५००° से.ला अर्धे मिनिटसुद्धा लागत नाही, ३५०° से.ला सुमारे एक दिवस लागतो, ३००° से.ला सुमारे चाळीस दिवस, आणि २५०° से.ला तब्बल नऊ वर्षे. वरच्या भट्टीला मिनिटांत काम उरकावयाचे असल्याने तिला ५००° से.ची आवश्यकता भासते. भूगर्भातील तापनाला मात्र वेळेची घाई नसते. तेथे महिनोन्महिने मिळत असल्याने ३००° ते ३५०° से. पुरेसे होते. या संथपणाचा एक लाभही आहे. हळूहळू निघालेली वाफ तप्त खडकातून वाट काढीत येते, तिच्यातील जड घटक वाटेतच विघटित होऊन मागे कोळशाच्या रूपाने राहतात, आणि वर येणारे तेल भट्टीतील तेलापेक्षा पुष्कळच हलके असते. अर्थात तेलाचे प्रमाण त्यामुळे काहीसे घटते.

याच आकड्यांचा दुसरा अर्थ नियंत्रकास अधिक चिंतेत टाकणारा आहे. २५०° व ३००° यांमध्ये केवळ पन्नास अंशांचे अंतर. परंतु त्या अंतराने नऊ वर्षांचे काम चाळीस दिवसांवर येते. म्हणजे दोन तापकांच्या मधला जो पट्टा २५०° वरच अडकून राहिला, तो व्यवहारतः न तापविल्यासारखाच. तापमान मोजताना सरासरी ३००° आहे एवढे सांगून भागत नाही. सर्वांत थंड जागा कोणती, ती किती मोठी आहे आणि तिचे तापमान वाढत आहे की थांबले आहे, हे कळावे लागते.

आता तापकाकडे वळावे. एकाच छिद्रातील तापक खालपासून वरपर्यंत सारखीच उष्णता देतो असे मानले, तरी त्याच्याभोवतीचा खडक सारखा नसतो. केरोजेन हा उष्णतेचा मंद वाहक असल्यामुळे केरोजेनाने समृद्ध थर उष्णता कमी वाहून नेतात, तर निकृष्ट थर अधिक. मंद वाहक थरातून तेवढीच उष्णता पलीकडे ढकलावयाची म्हणजे तेथे तापमानाचा उतार अधिक तीव्र हवा. आणि तो तीव्र होण्याचा एकच मार्ग म्हणजे तापकाने स्वतः अधिक तापणे. ज्या थरासाठी हा सारा खटाटोप, नेमक्या त्याच थरासमोर तापक जळण्याची भीती सर्वाधिक असते. त्यातच समृद्ध शेल तापल्यावर प्रसरण पावतो, त्याचे ढलपे सुटतात आणि छिद्र आक्रसून तापकाला आवळू लागते. उष्णतेला बाजूला जाण्याची वाट आणखी बंद होते. वरून पाहणाऱ्यास तापकाचा एकूण विद्युत् रोध तेवढा मोजता येतो. धातूचा रोध तापमानाबरोबर बदलत असल्याने तापक हा स्वतःच एक तापमापक ठरतो खरा, परंतु तो सांगतो ती शेकडो मीटर लांबीची सरासरी. एका मीटरभर लांबीत निर्माण झालेला तप्तबिंदू त्या सरासरीत सहज लपून जातो.

या अडचणीवर योजिलेला उपाय भौतिकीच्या विद्यार्थ्यास विशेष रुचावा असा आहे. लोहचुंबकीय धातूतून प्रत्यावर्ती प्रवाह सोडल्यास तो धातूच्या पृष्ठभागालगतच्या पातळ थरातूनच वाहतो; वाहकाचा उपयोगी छेद लहान झाल्याने रोध मोठा होतो व उष्णता पुष्कळ निर्माण होते. धातूचे तापमान क्यूरी तापमानापर्यंत चढले की त्याची चुंबकीय पार्यता एकाएकी कोसळते. लोखंडाच्या बाबतीत हे तापमान ७७०° से. असून मिश्रधातूंची योग्य निवड करून ते बदलता येते. पार्यता कोसळताच प्रवाह आतपर्यंत पसरतो, रोध उतरतो, आणि प्रवाह स्थिर राखलेला असल्यास त्या जागची उष्णतानिर्मिती आपोआप घटते. खालच्या-वरच्या भागांवर याचा काही परिणाम होत नाही. कोणा मापकाची, तारेची वा मनुष्याची मध्यस्थी न होता प्रत्येक लांबीवर स्वतंत्र नियंत्रण साधते. विलंबावर मात करण्याचा हा बहुधा सर्वांत समाधानकारक मार्ग होय. कारण येथे निर्णय वर पृष्ठभागावर घेतलाच जात नाही, तो जागच्या जागी धातूच घेतो.

मापनाच्या साधनांपैकी सर्वांत जुने म्हणजे तपयुग्म. तापकांच्या मधल्या जागी स्वतंत्र निरीक्षण-विहिरी घेऊन त्यांत ठरावीक खोलींवर तपयुग्मे बसवितात. त्यांचे वाचन विश्वसनीय असते. मात्र ती बसविली असतील तेवढ्याच बिंदूंची वार्ता देतात, आणि दीर्घकाळ तापत राहिल्यास त्यांचा विद्युत् दाबही हळूहळू सरकू लागतो. विसाव्या शतकाच्या अखेरीस प्रचारात आलेल्या प्रकाशतंतूच्या पद्धतीने ही उणीव बरीचशी भरून काढली. तिच्या मुळाशी चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ साली कलकत्त्यास शोधून काढलेला परिणाम आहे. काचेच्या तंतूत लेसर प्रकाशाचा अत्यल्पकालीन स्पंद सोडला असता त्याचा काही अंश रेणूंवरून विखुरला जाऊन मागे परततो. या परतणाऱ्या प्रकाशात मूळ तरंगलांबीहून अधिक व कमी अशा दोन्ही तरंगलांबींचे घटक असतात. त्यांपैकी कमी तरंगलांबीच्या घटकाची तीव्रता तापमानावर फार अवलंबून असते. म्हणून दोहोंच्या गुणोत्तरावरून त्या जागचे तापमान काढता येते, आणि प्रकाश परतण्यास लागलेल्या काळावरून ती जागा कोणती हे ठरते. तंतूतील १ मीटर अंतर म्हणजे जाऊन-येऊन सेकंदाचा सुमारे दहा-कोट्यांश भाग. परतणारा प्रकाश अतिशय क्षीण असल्यामुळे असंख्य स्पंदांची सरासरी घेत बसावे लागते. वाहत्या तेलाच्या विहिरीत ही दिरंगाई जाचक ठरेल. परंतु खडकाचे तापमान आठवड्यांच्या मापाने बदलत असल्याने येथे ती कोणासही जाणवत नाही.

तथापि तंतूलाही शत्रू आहेत. त्यावरील सामान्य बहुवारिकाचे आवरण सुमारे ३००° से.च्या पुढे टिकत नाही आणि मग धातूच्या आवरणाचा महाग तंतू घ्यावा लागतो. केरोजेनाच्या विघटनात मुक्त होणारा हायड्रोजन काचेत शिरून ती काळवंडून टाकतो, हे त्याहून वाईट. काळवंडणे दोन्ही तरंगलांबींना सारखेच घडत नाही, त्यामुळे गुणोत्तरच चुकते. मापक बंद पडत नाही. तो निर्वेधपणे खोटे तापमान सांगत राहतो. म्हणून प्रकाशतंतूजवळ निदान काही तपयुग्मे साक्षीदार म्हणून ठेवणे इष्ट ठरते.

मिळालेल्या वाचनांचा अर्थ लावणे हे मोजण्याइतकेच अवघड आहे. निरीक्षण-विहिरीतील तापमानाचा आलेख प्रथम चढतो आणि काही काळाने आडवा होतो. वातावरणाच्या दाबाला हे १००° से.ला घडेल, खोल थरात दाब दहा वातावरणांइतका असेल तर १८०° से.च्या सुमारास. याचा अर्थ सरळ आहे : खडकातील पाणी उकळू लागले असून येणारी उष्णता त्याची वाफ करण्यात खर्च होत आहे. पाणी संपले की आलेख पुन्हा चढू लागतो. परंतु तो चढलाच नाही तर? खडकात मूळचे पाणी किती होते व आतापर्यंत किती उष्णता दिली गेली, याचा हिशेब मांडला की हा आडवा टप्पा किती दिवस टिकावा हे आधीच सांगता येते. त्या मुदतीनंतरही तापमान हलत नसेल, तर बाहेरून भूजल आत झिरपत आहे, असाच निष्कर्ष काढावा लागतो. या पद्धतीत आलेखाची न वाढणारी रेघ ही चढत्या रेघेपेक्षा अधिक बोलकी असते.

पाणी किती महाग पडते हे थोड्या आकडेमोडीने दिसेल. १ घनमीटर शेलाचे तापमान ३३०° से.ने वाढविण्यास सुमारे ८० कोटी ज्यूल, म्हणजे विजेची सुमारे २२० युनिटे लागतात. त्यात बाहेरून केवळ १०० लिटर पाणी आले व त्याची दहा वातावरण दाबाला वाफ करावी लागली, तर आणखी सुमारे २७ कोटी ज्यूल खर्च होतात. खर्च एक-तृतीयांशाने वाढला. दर टनास १०० लिटर तेल देणाऱ्या शेलाच्या १ घनमीटरातील तेलाचे उष्णतामूल्य सुमारे ७९० कोटी ज्यूल भरते. हा आकडा प्रथमदर्शनी भरघोस वाटतो. परंतु वीज औष्णिक केंद्रातून आली असेल तर ८० कोटी ज्यूल विजेमागे २०० कोटींहून अधिक ज्यूलांचे इंधन जळलेले असते, आणि सगळे तेल वर येत नाहीच. नफ्याची कड इतकी अरुंद असताना वाहते भूजल तापवीत बसणे परवडण्याजोगे नाही.

प्रश्न केवळ खर्चाचाही नाही. तापलेल्या खडकातील विरघळणारी कार्बनी संयुगे व क्षार भूजलात मिसळले, तर ते पाणी ज्या विहिरी-झऱ्यांतून वर येते तेथवर हा दोष पोहोचतो. कोलोरॅडोसारख्या पाण्याची मुळातच टंचाई असलेल्या प्रदेशात हा आक्षेप सर्वांत वजनदार ठरला. पिसिआन्स खोऱ्यात शेल कंपनीने जे प्रयोग केले, त्यांत म्हणूनच तापनाबरोबर गोठविण्याचाही प्रयोग झाला. तापवावयाच्या क्षेत्राभोवती विहिरींचे कडे घेऊन त्यांतून अतिशीत द्रव फिरवावयाचा व खडकातील पाण्याचीच बर्फाची भिंत उभी करावयाची, ही ती कल्पना. ती मुळात खाणकामातील आहे. पाणथळ जमिनीत खाणीचा उभा कूप खणण्यासाठी पोएट्श या जर्मन अभियंत्याने १८८३ सालीच तिचे एकस्व घेतले होते.

भिंत सलग झाली की नाही, हे तिच्या तापमानावरून पुरते कळत नाही. प्रत्येक तपयुग्म शून्याखाली गेलेले असूनही दोन विहिरींमध्ये वाहत्या पाण्याची एखादी फट उघडी राहू शकते. कारण वाहते पाणी स्वतःबरोबर सतत उष्णता आणीत असते. खात्रीची खूण निराळी आहे. गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. कडे पुरते मिटले म्हणजे आतील पाण्यास निघून जाण्यास वाट उरत नाही, आणि आतील निरीक्षण-विहिरीतील पातळी बाहेरच्या पातळीची साथ सोडून चढू लागते. भिंत मिटण्याची ही साधी खूण आधुनिक मापकांच्या गर्दीतही आपले स्थान टिकवून आहे.

बर्फ आणि आग यांच्यामध्ये किती अंतर ठेवावे, हे पुन्हा तोच वर्गाचा नियम ठरवितो. तीन वर्षे तापन चालले तर उष्णतेच्या प्रसाराचे लाक्षणिक अंतर सुमारे साडेआठ मीटर येते. त्याच्या तिप्पट, म्हणजे सुमारे पंचवीस मीटर अंतरावर ३५०° से.च्या पृष्ठाचा प्रभाव दहा-बारा अंशांचा असतो व चौपट अंतरावर तो एक-दोन अंशांवर येतो. तिपटीहून जवळ भिंत बांधणे म्हणजे एका हाताने गोठवावे व दुसऱ्या हाताने वितळवावे, असा प्रकार होईल.

विलंबाचे स्वरूप किती भिन्न असू शकते, हे भारतातील एका उदाहरणाशी तुलना केल्यास स्पष्ट होईल. गुजरातेतील मेहसाणा जिल्ह्यात बलोल व सांथल या क्षेत्रांत तेल व नैसर्गिक वायू आयोगाने जड तेलाच्या थरातच ज्वलन घडवून आणण्याची पद्धती अवलंबिली. बलोल येथील प्रायोगिक काम १९९० साली सुरू झाले व १९९७ पासून दोन्ही क्षेत्रांत ती व्यापारी प्रमाणावर आली. तेथील खडक शेल नसून सच्छिद्र वालुकाश्म आहे, आणि त्यातील तेल घन नसून केवळ अतिशय घट्ट आहे. थरात हवा दाबून तेलाचा काही भाग जाळावयाचा व त्या उष्णतेने उरलेले तेल पातळ करून पुढे ढकलावयाचे, अशी ती योजना. तेथे नियंत्रकाच्या हाती हवेचा पुरवठा असतो, आणि त्याला वार्ता मिळते ती उत्पादन-विहिरींतून येणाऱ्या वायूंकडून. ऑक्सिजन जवळजवळ नाहीसा झालेला असून कार्बन डाय-ऑक्साइड भरपूर असेल, तर ज्वलन उच्च तापमानाला नीट चालू आहे. वायूंच्या प्रमाणावरून काढलेले हायड्रोजन-कार्बन गुणोत्तर फार मोठे येऊ लागले, तर ऑक्सिजन तेल न जाळता त्याच्याशी नुसताच संयोग पावत आहे व तेल पातळ होण्याऐवजी अधिकच घट्ट होत आहे, असे समजावे. उत्पादन-विहिरीत ऑक्सिजन दिसू लागला तर स्फोटाचा धोका असतो. वायू खडकातून उष्णतेपेक्षा कितीतरी वेगाने प्रवास करीत असल्याने ही वार्ता लवकर हाती येते, आणि हवा कमी-अधिक करण्याचा परिणामही लवकर दिसतो. तापकांच्या पद्धतीत असा चपळ दूत नाही.

तापकांच्या पद्धतीतही वायूंचे पृथक्करण करतातच. परंतु तेथे ते घडून गेलेल्या गोष्टीचे वृत्त असते. वीज बंद केल्यावर तापकालगतचा खडक झपाट्याने निवतो, आणि दोन तापकांच्या मधला खडक मात्र पुढे कित्येक आठवडे तापतच राहतो; कारण वाटेतील उष्णता अजून तेथे पोहोचावयाची असते. केंद्रभागाचे तापमान अपेक्षित अंकावर येईपर्यंत वीज चालू ठेवणारा नियंत्रक नेहमीच उशीर करतो. वीज कधी तोडावी हे प्रत्यक्ष वाचनावरून न ठरविता, खडकाचे गणिती प्रतिरूप मांडून, पुढील काही महिन्यांत तापमान कोठवर जाईल या अनुमानावरून ठरवावे लागते. मापकांचे काम मग त्या प्रतिरूपाला वारंवार सुधारीत राहणे हे असते.

कोलोरॅडोतील प्रयोगांपैकी एका लहानशा जागेत, सुमारे ३० फूट रुंद व ४० फूट लांब क्षेत्राखाली, २००५ पर्यंत सुमारे १,७०० पिंपे हलके तेल व त्याखेरीज वायू निघाला. तापनाचे तत्त्व बरोबर असल्याचे त्यावरून दिसले. व्यापारी उत्पादनाची पायरी मात्र आलीच नाही. २०१३ च्या सप्टेंबरात कंपनीने कोलोरॅडोतील हे काम थांबवीत असल्याचे जाहीर केले.

तापन संपल्यावर निवण्याचा प्रश्न उरतो, आणि तोही वर्गाच्या नियमातून सुटत नाही. तीस मीटर जाडीचा तप्त खडक केवळ वहनाने निवावयाचा, तर दहा वर्षांच्या आसपास काळ लागतो. त्यात पाणी सोडून वाफेवाटे उष्णता काढून घेतल्यास हा काळ कमी होतो, उष्णतेचा काही भाग पुन्हा उपयोगात आणता येतो, आणि खडकातील विद्राव्य द्रव्ये धुऊनही निघतात. परंतु ही धुलाई पुरी होईपर्यंत बर्फाची भिंत राखावी लागते व तिच्यासाठी वीज पुरवावी लागते. क्वार्नटॉर्प येथे भट्टीतून निघालेल्या शेलाच्या राखेची सुमारे शंभर मीटर उंचीची टेकडी आजही उभी आहे. तिच्यात उरलेला कार्बन हवेच्या संपर्काने मंदगतीने जळत असल्यामुळे, कारखाना १९६६ साली बंद झालेला असूनही, तिचा अंतर्भाग अद्याप तप्त आहे.